कॅसेटमधली अक्का

हुरड्याच्या दिवसांवर लेख आहे म्हणल्यावर तुम्ही मनातल्या मनात सगळी तयारी करून बसला असणार. धुकं, दव, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि शेवटी लेखकाचा गळा दाटून येतो. तर आधीच सांगतो, यात धुकं नाही. सोलापुरात थंडी येते ती चुकून आल्यासारखी. सकाळी स्वेटर घालायला लावते आणि अकरा वाजता तोच स्वेटर कमरेला बांधायला लावते. बैल पण नाहीत, आमच्या वडिलांचा, अप्पांचा टेम्पो आहे. आणि गळा दाटून वगैरे कोणाचा आला नव्हता. एक गळा बसला होता, तो गौराक्कांचा. आणि त्या गळ्याच्या नादात मी आयुष्यातली सगळ्यात मोठी बोलणी खाल्ली. ती शेवटी आहेत. आधी हुरडा खा.

परवा भवानी पेठेतून गाडीवर चाललो होतो. कोपऱ्यावर एक बाई घमेल्यात निखारे घेऊन कणसं भाजत बसलेली. वास आला आणि माझ्या तळहाताला चटका बसल्यासारखं झालं. खरंच. नाकाचा आणि तळहाताचा काय संबंध ते डॉक्टरला विचारा, पण ज्यानं गरम कणीस हातावर चोळलंय त्याला कळेल. गाडी बाजूला लावली, मूठभर दाणे तोंडात टाकले, आणि जिभेनं आपोआप टाळूवर ठोका धरला. खटक-खट. खटक-खट. बाई बघायला लागली.

“दात दुखतोय व्हय?”

“न्हाय हो मावशी, माग चालू हाय.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी निखाऱ्यात पाय घालून उभा आहे. तिला काही कळलं नाही. तुम्हाला पण कळलं नसणार. सांगतो की.

मी नकला करतो. आता पोटासाठी करतो, तेव्हा खाजेसाठी करायचो. मंद्रूपच्या शाळेत असताना मुख्याध्यापकांचा आवाज काढून मुख्याध्यापकांच्याच घरी फोन केला होता, “आज डबा दोन माणसांचा पाठवा” म्हणून. डबा आला. आम्ही खाल्ला. त्यात शेंगाचटणी होती, पुढचं सगळं त्या चटणीच्या मानानं कमीच तिखट होतं. एसटीचा कंडक्टर, व्होल्टेज कमी असताना सुरू होणारी पाण्याची मोटर, बाजारात मेथी विकणारी बाई आणि तिच्याशी भांडणारी दुसरी बाई, सगळं येतं मला. पण आमच्या भागात माझं नाव झालं ते एकाच नकलेवर. गौराक्का.

अक्कांना आमच्या तालुक्यात ओळख लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल म्हणून सांगतो. माहेर मंद्रूपचं, सासर भवानी पेठेतलं. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, पेटी स्वतः वाजवायची, म्हणायचं स्वतः आणि विकायचं पण स्वतः. घर म्हणजे दोन खोल्या, आणि मागच्या भिंतीपलीकडं मागाचं शेड. त्या शेडात अक्कांचे मालक, म्हणजे नवरा, चादरीच्या मागावर कामाला होते. माग दिवसभर खटक-खट करायचा आणि अक्का भाकरी थापता थापता त्या खटक-खटवर शब्द बसवायच्या. तबला नाही, ढोलकी नाही. गाणं टेपवर भरायच्या तेव्हा पण मागच्या खिडकीचं दार उघडं ठेवायच्या, म्हणजे ताल आपोआप आत यायचा. लाईट गेली की माग बंद, गाणं पण बंद. लाईट आली की दोन्ही सुरू.

मग त्या कॅसेटी घरीच एकावरून दुसरीवर उतरवायच्या आणि मंद्रूपच्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानाशेजारी चादर टाकून मांडायच्या. कव्हर जुन्या लग्नपत्रिकांचं. कोऱ्या बाजूला अक्कांच्या अक्षरात गाण्यांची नावं, आतल्या बाजूला कुणाचं तरी लग्न. आमच्या टेम्पोतल्या कॅसेटच्या आतल्या बाजूला अजून कुणाच्या तरी हळदीला सहकुटुंब यायचं आमंत्रण आहे. नवरा-नवरीची आता नातवंडं असतील.

एकदा मोठ्या शहरातली कुठली तरी कंपनी आली होती म्हणे. गाणी घेतो, पण मागं ती खटखट आहे ती काढावी लागेल. अक्का म्हणाल्या, “ती काढली तर गाणं कुटं उबं राहनार? हवंत?” कंपनी चहा पिऊन गेली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. सीडी गेल्या, पेन ड्राइव्ह आले. आता पोरं मोबाईलवर ऐकतात. बांगड्यांच्या दुकानाशेजारची ती चादर मात्र तिथंच.

आणि एक रीत होती. वर्षाला एकच नवीन गाणं. ते पहिल्यांदा म्हणायचं ते हुरड्याला, शेतात, आगटीशेजारी. आगटी म्हणजे गोवऱ्यांचा निखारा केलेला खड्डा, त्यात कणसं खुपसायची. हुरडा हा सात-आठ दिवसांचा खेळ असतो. ज्वारीचा दाणा दुधात असतो तोवरच. एकदा का तो कडक झाला की मग त्याची भाकरी होते, हुरडा होत नाही. अक्का म्हणायच्या, गाण्याचं पण तसंच. दाणा दुधात असतो तोवर नवं गाणं लोकांपुढं आलं पाहिजे. नाही आलं तर ते वर्ष रिकामं. आणि एकही वर्ष रिकामं गेलं नव्हतं. बाळंतपणाच्या वर्षी पण नाही. मालक गेले त्या वर्षी पण नाही. त्या वर्षीचं गाणं लई छोटं होतं, पण होतं.

मी अक्का शिकलो टेम्पोत. अप्पा पहाटे भाजी घेऊन सोलापूरच्या मार्केटला यायचे, शाळेला सुट्टी असली की मी शेजारी. टेपमध्ये एकच कॅसेट, कारण दुसरी आत अडकली तर बाहेर यायची नाही आणि ही अडकलेलीच होती. तो आवाज माझ्या कानात असा बसला की झोपेत विचारलं तरी काढून दाखवीन. पातळ, गोड, वरच्या पट्टीतला, नुकत्या न्हालेल्या पोरीसारखा. आणि मागं माग. मी मागाची पण नक्कल करायचो, जिभेनं. नुसता पळायचा तो माग. लोक आधी मागालाच हसायचे. मग मी अक्कांचा आवाज लावला की हसणं बंद व्हायचं आणि बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, “अगं बया, डिट्टो.”

खरं सांगायचं तर अक्कांपेक्षा डिट्टो. बाजारात अक्का प्रत्यक्ष गायल्या की कोणीतरी हमखास म्हणायचंच, “अक्का, कॅसेटमधी लई गोड वाटतंय बघा. हितं जरा जाड लागतोय आवाज.” अक्का हसून म्हणायच्या, “माईक खराब हाय.” मी लहान होतो तेव्हा मला वाटायचं, बिचाऱ्या अक्कांना कधीच चांगला माईक मिळाला नाही.

तीन वर्षांपूर्वीचा तो हुरडा. मी कॉलेजला सोलापुरात, भवानी पेठेत खोली घेऊन राहत होतो, अक्कांच्या घरापासून तिसऱ्या दाराला. चपातीचा वास आला की मला अभ्यासातली शंका विचारायची असायची. अक्का दहावी नापास होत्या, पण चपाती करेपर्यंत शंका फिटायची. त्या वर्षी दिवाळीनंतर अक्कांचा गळा बसला. साधा बसला नाही, खाट टाकून झोपला. डॉक्टर म्हणाले, बोलायचं नाही. अक्कांना बोलायचं नाही म्हणजे मला नक्कल करायची नाही म्हणण्यासारखं. त्यांनी नातवाची पाटी घेतली. पाटीवर लिहून भांडायच्या. मी चहात जास्त साखर घातली की पाटीवर “मूर्ख” यायचं, आणि खाली दोन रेघा. मागचं शेड तर कधीच बंद पडलेलं, तिथं आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोडाऊन. भिंतीपलीकडं पण गप्प, अलीकडं पण गप्प. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं.

त्याच दिवसांत अक्का आपलं आयुष्य लिहीत होत्या. फुलस्केप वह्या, निळी शाई. एका गाण्याचं एक प्रकरण. एकोणचाळीस झाली होती. चाळिसाव्याचं पान कोरं, कारण चाळिसावं गाणं डोक्यात तयार होतं आणि गळ्यातून निघत नव्हतं. चपाती लाटताना त्या घोगऱ्या आवाजात पुटपुटायच्या, मी ऐकून घ्यायचो. असं होतं ते:

धागा तुटला, तुटू दे बाई, गाठ मारून फुडं चल
गाठ दिसंल चादरीवरती, तितंच कुणाचा हात थांबंल

एक दिवस अक्कांनी वही माझ्या हातात ठेवली आणि पाटीवर लिहिलं, “वाच. कंटाळा येईल तिथं फुली मार. खरं सांग.” मी कॉलर ताठ केली. आता आपण साहित्यिक.

वही माझ्याकडं आठ दिवस होती. आता खरं सांगायची वेळ आहे म्हणून सांगतो, मी ती वाचली नाही. मी त्यात माझं नाव शोधलं. पहिलं पान ते शेवटचं पान. मल्लिकार्जुन नाही, मल्ल्या नाही, मल्लू नाही. मला राग आला, थोडासाच. वही परत द्यायच्या दिवशी आठवलं की फुल्या मारायच्या आहेत. एकही फुली नसली तर वाचली नाही हे कळणार. म्हणून डोळे मिटून तीन ठिकाणी वही उघडली आणि तीन फुल्या मारल्या. परीक्षेत पर्यायाचे प्रश्न मी असेच सोडवायचो आणि पास पण व्हायचो. त्यामुळं आत्मविश्वास होता.

मग हुरडा आला. आमच्या शेतात, मंद्रूपच्या अलीकडं. सगळी ज्वारी भाकरीची, पण बांधाकडंच्या चार ओळी अप्पा दरवर्षी हुरड्याच्या पेरतात, गूळभेंडी. तिचा दाणा चावला की गूळ आधी आणि ज्वारी नंतर लागते. त्या दिवशी सकाळी अप्पांनी एक कणीस दातानं सोलून बघितलं आणि म्हणले, “आजच. परवा ह्याची गोळी हुईल.” म्हणजे अक्कांच्या हातात तो एकच दिवस होता. दुपारी तीनच्या सुमाराला माणसं जमली, पन्नास-साठ. उन्हाला पाठ करून बसलेली. अप्पा आगटीवर. कणसं काळी होऊन बाहेर यायची, चोळणाऱ्यांच्या हातांचा चट्‌चट्‌ आवाज, तोंडानं फू फू, हिरवे वाफाळलेले दाणे ताटात. दही, शेंगाचटणी, बोरं. बोरं काशव्वानं आणलेली. काशव्वा म्हणजे अक्कांची लहानपणची मैत्रीण, एका बाकावरची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण बोरातलं किडकं कुठलं ते हातानं सांगायची.

अक्का पेटी मांडीजवळ घेऊन बसल्या. टेम्पोच्या स्पीकरला माईक मी जोडलेला, तपासणी म्हणून कंडक्टरची नक्कल करून झालेली, लोक हसलेले. मग अक्का बोलल्या. महिन्याभरानंतर पहिल्यांदा चारचौघांत. रिकाम्या बादलीत खराटा फिरवल्यासारखा आवाज.

“औंदा गाणं न्हाय. एक पान वाचते.”

चोळणारे हात थांबले. शेतात वारं पडल्यासारखं झालं. पाठीमागून एकजण म्हणला, “पान घरी वाचतो की अक्का. एक कडवं तरी म्हना.” दुसरी बाई म्हणली, “ऱ्हाऊ दे गं, गळ्याला तरास.” त्या “ऱ्हाऊ दे”नं मला कसंतरी झालं. ते असं म्हणलं होतं, जसं म्हाताऱ्या माणसाला म्हणतात, तुम्ही बसा, आम्ही करतो. अक्का वही उघडत होत्या. बोट लावून ठेवलेलं पान शोधत होत्या. आणि माईक माझ्या हातात होता.

दया होती का माझ्या मनात? होती. गाणं चुकू नये असं वाटत होतं का? वाटत होतं. पण मी स्वतःला ओळखतो. माईक हातात होता आणि लोक गप्प होते. एवढं मला पुरतं.

मी टेम्पोमागं सरकलो. जिभेनं माग सुरू केला, कॅसेटमधला, पळता. खटक-खट-खटक-खट. आणि त्यावर कॅसेटमधला आवाज लावला. धागा तुटला, तुटू दे बाई.

काय सांगू, असं मी कधीच गायलो नव्हतो. गोड, पातळ, वर. माणसं वळून बघायला लागली. बायकांनी हात जोडले. अप्पांच्या हातातलं कणीस आगटीत पडलं. मी दुसरी ओळ घेतली, पुन्हा पहिलीवर आलो, आणि टेम्पोच्या कडेनं डोकावून बघितलं. अक्कांची बोटं पेटीवर माझी पट्टी शोधत होती. पट्टी म्हणजे जिथून गाण्याचा सूर धरायचा ती पेटीवरची जागा. बोट काळी चारवर जाऊन थांबलं. अक्कांनी तोंड उघडलं. माझ्याबरोबर गायला. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. निघाला नाही.

आणि काशव्वा, जिला दिसत नव्हतं, ती अक्कांच्या शेजारी बसून, अक्कांच्या गुडघ्यावर हात ठेवून, आनंदानं ओरडली, “ही खरी गौरा! आली गं बया, आली! मग मगापासून बोलतीय ती कोन हाय?”

लोक हसले. मी पण हसलो, अर्धा.

अक्कांनी पेटीचा भाता दाबून बंद केला. वही उचलली आणि बांधाकडं चालायला लागल्या. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मानेनंच बांध दाखवला. मी ताटातला हुरडा वाटीत घेतला आणि अक्कांच्या मागं गेलो.

बांधावर काय झालं ते शेवटी सांगतो. ते सांगितल्यावर मला पुढं काही सांगता येत नाही, म्हणून आधी बाकीचं उरकून घेतो.

दहा मिनिटांनी आम्ही परत आलो. अक्का बसल्या, पेटी उघडली आणि बोट पार खाली नेलं, पांढरी तीनवर. इतक्या खाली बाया गात नाहीत. मी शेजारी बसलो आणि जिभेनं माग लावला. आणि अक्का त्या खराट्यासारख्या आवाजात गायल्या. चार शब्दांत दोन ऐकू यायचे, एक अंदाजानं कळायचा, एक जायचा. “तुटला” म्हणताना आवाज खरंच तुटला. लोकांना वाटलं मुद्दाम केलं. मला माहीत आहे, मुद्दाम नव्हतं. पण दुसऱ्यांदा त्या ओळीवर आल्या तेव्हा बरोबर तिथंच थांबल्या, श्वास घेतला आणि पुढं गेल्या. ते मुद्दाम होतं.

हुरडा चोळायचा आवाज होतो म्हणून लोकांनी चोळणं बंद केलं. माईकचा काही उपयोग नव्हता, माणसंच पुढं सरकली. काशव्वा बसल्या जागेवरून सरकत सरकत पेटीपर्यंत आली, कान अक्कांच्या खांद्याला लागेपर्यंत. गाणं संपल्यावर पण ती तशीच बसली. मग अक्कांनी वही उघडली आणि ते पान वाचलं. वाचून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा उठला, अक्कांपुढं येऊन उभा राहिला आणि म्हणला, “आमाला तवाच सांगायचं न्हाय व्हय? आमी काय कॅसेट परत दिली असती?” आणि सगळे हसले, अक्का सगळ्यात जास्त. हुरडा पार गार झाला होता. गार हुरडा कोणी खात नाही. त्या दिवशी खाल्ला.

चाळिसावं प्रकरण अक्कांनी त्याच आठवड्यात लिहून काढलं. पुस्तक स्वतः छापलं, सोलापुरातल्याच लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये. मुखपृष्ठाच्या आतल्या कोपऱ्यात गणपती आलाय, तो काढायचा राहून गेला. बाजारात आता चादरीवर पेन ड्राइव्ह आणि पुस्तक शेजारी शेजारी असतात. त्यानंतर दोन हुरडे झाले, दोन गाणी झाली, दोन्ही खालच्या पट्टीत. गळा पुष्कळ सुधारला, पण अक्का परत वर गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं, वर का न्हाय जात? म्हणल्या, “हिरीत खाली उतरलं की गार लागतंय बघ. वरती नुसतं ऊन.” मला साधं पोहायला पण येत नाही, विहिरीतलं मला काय कळणार.

मी अजून अक्कांची नक्कल करतो, कार्यक्रमात. त्यांना विचारून. पण आधी सांगतो, ही कॅसेटमधली अक्का. ही बाई कधी नव्हती, पण आपल्या सगळ्यांना आवडायची. मग ती करतो. मग गप्प होतो आणि खालचा माग लावतो, हळू. त्यावर गाणं म्हणत नाही. लोकांना पहिल्यांदा वाटतं मी विसरलो. मग कळतं त्यांना. काहींना नाही पण कळत, ते नाष्ट्याकडं बघायला लागतात. चालायचंच.

यंदाचं गाणं पुढच्या रविवारी आहे. अप्पांचा फोन आला होता, दाणा दुधात आलाय. मी माग चालवायला जाणार आहे. परवा त्या बाईपुढं जीभ उगाच वाजली नाही, सराव चालू आहे.

आता बांध.

अक्का बांधावर बसलेल्या, पाठ माझ्याकडं. मी वाटी पुढं केली.

“अक्का, खावा की. गरम हाय.”

“ठेव तितं.”

आवाज इतका बसलेला की ऐकायला मला खाली वाकावं लागलं. बोलणी खायला जवळ जावं लागलं, असा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

“चिडला व्हय? अवो, मी तुमचं गाणं चुकू नये म्हणून...”

“एनो, वही किती दिवस हुती तुज्याकडं?”

अक्का चिडल्या की कन्नडमधून सुरुवात करतात. ‘एनो’ म्हणजे ‘काय रे’, पण अक्का म्हणतात तेव्हा ते ‘काय रे’ इतकं साधं राहत नाही.

“आठ दिवस.”

“वाचलीस?”

“व्हय की.”

“बावन्नाव्या पानावर फुली हाय. कंटाळा आला व्हय तुला तितं?”

मी शेताकडं बघितलं. शेतानं काही मदत केली नाही.

“काय हाय त्या पानावर? सांग.”

“ते... तुमच्या लहानपणाचं...”

“गाढवा, बावन्न पानं लहानपण चालतंय व्हय कुणाचं?” अक्कांनी वही माझ्या मांडीवर आपटली. “नाव बघत हुतास न्हवं सोताचं? पानावर अंगठा कुटं कुटं उमटलाय त्यावरनं कळतंय मला. चटणीचा हात घेऊन वही चाळलीस, ल्येका. आता ऐक. आमचा टेप जुना. त्याचा पट्टा सैल, हळू फिरायचा. त्याच्यावर भरलेली कॅसेट घरी लावली की बरोबर, बाहिर लावली की पळायची. मला काय ठावं? मी बाहिर कुटं जाते ऐकायला? एक दिवस चौकातल्या हाटेलात लावली हुती. आमचे मालक चहा प्यायला गेलते. घरी आले आनि म्हनले, गौरे, त्यातला माग माजा न्हाय. मी एवढा पळवत न्हाय. मी म्हनलं, तुमचाच की, मी भरलाय. न्हाय म्हनले. माजा हात मला कळत न्हाय व्हय?”

अक्का थांबल्या. घसा धरला. मी वाटी तिथंच ठेवली.

“तवर निम्म्या तालुक्यात गेलत्या कॅसेटी. माग पळत हुता, त्याच्यासंगं मी बी पळत हुते, वरच्या पट्टीत, पोरीवानी. मालक म्हनले, सांगून टाक लोकास्नी. मी न्हाय सांगितलं. गोड लागत हुतं ना लोकास्नी. पुढं सीडी केली, त्या कॅसेटीवरनंच केली. चूक बी संगं गेली. मालक गेले तरी तोंड उघडलं न्हाय मी. म्हनलं गळा हाय तवर कशाला? गळा गेला, तवा म्हनलं आता लिहिते. लिहिलं. तर तू फुली मारलीस. सगळी रात इचार केला, पोराला कंटाळा आला म्हंजी लोकास्नी बी यील. तरी म्हनलं वाचायचंच आज. पान काढत हुते, तर तू माईक घेतलास. आनि काढलास कुनाचा आवाज? तिचाच. जी बाई जन्मलीच न्हाय तिचा.”

“अक्का, मला खरंच...”

“सुम्म कूड.” म्हणजे गप्प बस. एवढं कन्नड मला येतं, लहानपणापासून सगळ्यात जास्त ऐकलेलं आहे.

तुम्हाला वाटत असेल, आता अक्का म्हणणार, बाळा, दुसऱ्यांचे आवाज सोड, स्वतःचा शोध. तसलं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, असलं मी भाषणात लई ऐकलंय. अक्का माझ्याकडं वळल्या. डोळे कोरडे होते, नुसते लाल.

“नक्कल झकास करतोस. त्यात काय खोट न्हाय. पन माज्याच गळ्यात गायलास, आनि मलाच आत शिरायला जागा ठिवली न्हाईस. पेटीवर बोट ठिवून दोनदा तोंड उघडलं मी. साठ मानसांपुढं. बघितलंस न्हवं?”

“बघितलं.”

“मग आता ऊठ. मी पांढरी तीनवर म्हननार हाय. जेवढं निघंल तेवढं. ताल तू दे.”

“मी? कशानं?”

“जिभंनं. दुसरं काय चालतंय तुजं?”

मी तिथंच, बांधावर, माग सुरू केला. घाबरलेलो होतो म्हणून नेहमीपेक्षा जोरात. खटक-खट-खटक-खट.

डोक्यात टपली बसली. वहीची.

“हळू, मूर्खा, हळू,” अक्का म्हणाल्या. “त्यो मालकांचा हात हाय. पळवू नगंस.”